सगळीकडून सारखीच ऊब

९ जानेवारी १९८४, सोमवार

पोहोचले एकदाची! पौडला एसटी अर्धा तास थांबली, कारण ड्रायव्हरला चहा हवा होता आणि कंडक्टरला भजी. मुळशीच्या फाट्यावर उतरले तेव्हा केसांत इतकी धूळ होती की पेरणी करता आली असती. पण धरणाचं पाणी दिसलं आणि सगळा शीण गेला. आमच्या संस्थेने भाड्याने घेतलेला बंगला फाट्यापासून वीस मिनिटांच्या वाटेवर, अगदी पाण्याकाठी आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, आणि गच्चीवर माझं यंत्र.

राखणदार कुशाबांनी माझी ट्रंक डोक्यावरून आणली. स्वयंपाकाला गावातल्या गोजराबाई येणार आहेत. माझ्या आधी इथे वाल्मीक नावाचे गृहस्थ होते. ऑक्टोबरात एक दिवस न सांगताच निघून गेले, म्हणून ही जागा मला मिळाली. कुशाबा म्हणाले, लई गरीब माणूस, पर पगारबी न्हाई नेला.

छकुली साताऱ्याला आईजवळ आहे. चौदा महिन्यांची लेक सोडून आले म्हणून निघताना सगळ्यांची बोलणी खाल्ली. तिचे बाबा बोटीवर, जूनशिवाय यायचे नाहीत. पण ५ फेब्रुवारीच्या रविवारी तिचं पहिलं बोरन्हाण आहे आणि त्याला मी जाणार म्हणजे जाणारच. रजा मंजूर करून घेऊनच नोकरी घेतली. काळ्या झबल्याचं कापड बरोबर आणलंय. हातानेच शिवणार.

१२ जानेवारी

गोजराबाई आज यंत्र बघायला गच्चीवर आल्या. ह्यो भोंगा वाजत कसा न्हाई, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हा ऐकणारा भोंगा आहे.

मग मला चेव आला. सांगितलं, विश्व अगदी तान्हं होतं तेव्हा सगळीकडे दाट, तापलेलं धुकं होतं. उजेड होता, पण त्याला हलता येत नव्हतं. पाऊल टाकलं की धडक, पुन्हा मागे. कोंडलेलाच. पुढे विश्व निवलं, धुकं फिटलं आणि उजेड सुटला. तोच आता म्हातारा आणि गारठलेला, सगळ्या दिशांनी सारखाच आपल्याकडे येतोय. एक परदेशी उपग्रह तो वरून मोजतो, आणि त्याचे आकडे दर दुसऱ्या सोमवारी पुण्याहून जीपने माझ्याकडे येतात. पडताळा म्हणून इथला भोंगा. माझं काम वजाबाकीचं. पृथ्वीची ऊब वजा, चंद्राची वजा, आकाशगंगेची वजा. ओळखीचं सगळं काढून टाकलं की उरतं ते विश्वाचं बाळपण.

गोजराबाई म्हणाल्या, म्हंजी तांदूळ निवडायचं काम. खडं काढताना दानं फेकू नगा म्हंजी झालं.

इतक्या सोप्या शब्दांत मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

१७ जानेवारी

भोंगा हट्टाला पेटलाय. कुठेही वळवा, हवी त्यापेक्षा किंचित जास्त ऊब दाखवतो. सगळीकडून सारखीच. आधी पाकोळ्यांवर संशय घेतला, त्यांचं घरटं हलवलं. मग गांधीलमाश्यांचं पोळं काढलं, त्यात कुशाबांचा कान सुजला. साबणाने सगळा भोंगा धुतला. ऊब तसूभर हलली नाही.

शेवटी हात टेकले. वहीत ‘यंत्राचा दोष’ असा रकाना आखला आणि तेवढी ऊब वजा केली. पान कसं स्वच्छ झालं! झबल्याची एक बाहीही झाली.

२५ जानेवारी

उपग्रहाच्या कागदांवर अर्धं आकाश जरासं उबदार आणि अर्धं जरासं थंड दिसतं. दोष आकाशाचा नाही, आपला. पृथ्वी, सूर्य, आपण सगळे एका दिशेने धावतोय. जिकडे जातो तिकडची बाजू उबदार भासते. याला निरीक्षकाची गती म्हणायचं आणि वजा करायचं. ते आज केलं.

गच्चीच्या वहीत करायची काही गरज नव्हती. पण पहिल्याच पानावर पुण्यातच कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं: निरीक्षकाची गती अमुक, दिशा अमुक. सगळी वही नीट आणि तेवढं एकच गबाळं. माझ्या नीटनेटकेपणावर घरी सगळे हसतात ते उगाच नाही. खोडरबर घेऊन आकडा खोडला, दिशा खोडली आणि सुबक शून्य काढलं.

मग भोंगा चारी दिशांना फिरवला. शेवटच्या आकड्यापर्यंत चारी बाजू सारख्या! एकटीच टाळ्या वाजवल्या.

२८ जानेवारी

आईला पत्र टाकायला फाट्यावर निघाले. सकाळपासून धुकं आहे, दुपार झाली तरी उठलेलं नाही. आणि चक्क कोमट आहे. सरळ वाटेने वीस मिनिटं चालले. समोर एक बंगला दिसला. आपलाच.

स्वतःला हसले. पुन्हा निघाले, या वेळी धरणाचं पाणी डाव्या हाताला ठेवून. बंगला.

तिसऱ्यांदाही बंगलाच. पत्र अजून हातातच आहे.

३० जानेवारी

जीपचा दिवस. हॉर्न ऐकू आला, पण चारी बाजूंनी एकदम. घसा फुटेस्तोवर ओरडले. मग चारी बाजूंनी एकदम लांब गेला.

कुशाबा आहेत म्हणून धीर होता. त्यांनी बैलाचा कासरा आणला, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं माझ्या मुठीत दिलं. म्हणाले, भिऊ नगा बाई, मी बोलत ऱ्हातो, तुमी मागनं या. निघालो. म्हशीची गोष्ट सांगत होते. तीनशे पावलांवर त्यांचा आवाज मागूनही यायला लागला. मी कासरा ओढला. ताठ होता. हातावर हात घेत पुढे गेले –

दुसरं टोक आमच्याच ओसरीच्या खांबाला बांधलेलं होतं. गाठ कुशाबांचीच. कुशाबा नव्हते.

१ फेब्रुवारी

गोजराबाई हाका मारतायत. बाई, कुटं हायसा? सगळीकडून. मी ओरडते, इथे! पण इथे म्हणजे कुठे, ते त्यांना कळत नाही. मलाही नाही.

वाटांचा नकाशा शोधत होते. कपाटामागे वाल्मीकची जुनी वही सापडली. शेवटचं पान. निरीक्षकाची गती – शून्य. माझ्याइतकंच सुबक. तारीख २० ऑक्टोबर.

यंत्राची सुई आपोआप कागदावर रेघ काढत असते. जुन्या गुंडाळ्या उलगडल्या. ऑक्टोबराच्या आधी जास्तीची ऊब कुठेच नाही. सुरू होते ती त्या तारखेपासून, सगळीकडून सारखी.

तो दोष नव्हता. तो माणूस होता. आणि मी त्याला वजा केलं.

३ फेब्रुवारी

खोडलेला आकडा पाठ आहे. वहीत पुन्हा लिहिला. पण शेजारी दिशा लिहावी लागते – कुठली लिहू? भोंगा कुठेही वळवला तरी तेच. खिडकीतून तेच. दिशाच उरलेली नाही.

आज हाका नाहीत. धुकं गरम. ओसरीचा खांब दिसत नाही. कंदील लावला तर उजेड वीतभर जातो आणि परत –

परवा बोरन्हाण. मला जायचंय. मला माझ्या लेकीकडे जायचंय.

५ फेब्रुवारी, रविवार

झबल्याला बटण लावलं. पूर्ण झालं.

आता तिला पाटावर बसवलं असेल. आई तिच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे – दार उघडलं – पलीकडे हीच खोली, हेच टेबल, हीच वही –

धुकं आत आलंय. कागद कसाबसा दिसतो.

छकुली, उजेड सुटतो गं. फार उशिरा, पण सुटतो. तोवर इतका विरळ होतो की कुणाचा ते कळत नाही. तुला कधी काही कारण नसताना, सगळीकडून सारखीच, थोडीशी ऊब लागली तर दोष म्हणू नकोस. वजा करू नकोस. ती मी