चौथं दार

२२ मार्च, शनिवार

पुन्हा तेच! मनाडोहून एकाने लिहिलंय — "तुमचं सांबुंग सुरू व्हायला अर्धं मिनिट घेतं. तोवर खिडकी पांढरीफटक. आरसा म्हणून बघू का तिच्यात?" खाली बाकीच्यांनी माना डोलावल्यात. विंडोजवाले बोंबलतात, मॅकवाले नाक मुरडतात, लिनक्सवाले मलाच शिकवायला येतात. आणि हवं सगळ्यांना फुकट!

कारण मला माहीत आहे. सांबुंग म्हणजे लोकांची यंत्रं जोडणारं माझं सॉफ्टवेअर. ते सुरू झालं की आधी चार दारं वाजवतं. चार यंत्रं, चार पत्ते — आकड्यांच्या फाईलमध्ये पक्के लिहिलेले. त्यांनी सांगायचं की तुझी माणसं सध्या कुठल्या पत्त्यावर आहेत. मग तुझा लॅपटॉप आणि त्यांचे फोन थेट एकमेकांशी बोलतात, मध्ये कोणी नको. तीन दारं लगेच उघडतात. चौथं उघडत नाही. सांबुंग बिचारं ठरलेला वेळ वाट बघतं आणि मग पुढे जातं.

चौथं दार तेमांगुंगला आहे. माझ्या थोरल्या भावाच्या दुकानात, झेरॉक्सच्या मशीनखाली ठेवलेला जुना डबा. आम्ही दोघांनी मिळून सांबुंग लिहायला घेतलं तेव्हा आमच्याकडे तेवढंच एक यंत्र होतं.

ती एक ओळ खोडली की सगळ्यांची तोंडं बंद. पाच वर्षं झाली, खोडलेली नाही.

२३ मार्च, रविवार

घर रिकामं होत चाललंय. ईद आली, सगळे भाडेकरू गावी. जिन्यात बिस्किटांचे डबे आणि दोरीने बांधलेली खोकी. मी पाय सांभाळत खाली गेले तर मालकीणबाई, बु हार्याती, स्वयंपाकघरात नारळ खवत होत्या.

"वुर, तुझं तिकीट काढलंस?"

"काम आहे, बु."

"ईदला कसलं काम? आणि भाऊ आहे ना तुझा तेमांगुंगला? बसने गेलीस तर दुपारच्या आत पोचशील! लोक पापुआहून जहाजाने येतात ग!"

"त्याला मी नको आहे."

"असं म्हणाला तो?"

"न बोलता म्हणतो. रोज."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय! मग खवलेल्या नारळाची एक मूठ वाटीत घालून दिली. रोजा सोडताना साखर घालून खाल्ली. एकटीनेच.

२४ मार्च, सोमवार

ओळ खोडायला बसले. नाही खोडली.

२५ मार्च, मंगळवार

आज ती आकड्यांची फाईल वरपासून खालपर्यंत वाचली. तिच्यात काही म्हणजे काही नाही, नुसते आकडे. एका खेपेला केवढं पाकीट पाठवायचं. किती वेळाने समोरच्याला "आहेस का?" विचारायचं. सेटिंग विंडोजवर कुठे ठेवायची, मॅकवर कुठे, फोनवर कुठे. पण प्रत्येक आकड्यामागे मासचं, म्हणजे थोरल्या भावाचं, आणि माझं एकेक भांडण आहे. पोर्टचा आकडा तेवढा आईच्या जन्मतारखेचा. तो एकच न भांडता ठरला.

शेवटचं भांडणही आकड्यावरूनच. गप्प झालेलं यंत्र 'गेलं' असं किती वेळाने धरायचं? मी म्हटलं, अर्धं मिनिट पुरे. मास म्हणाला, "अगं दिक, धाकटे, इथे वीज जाते, फोन डोंगराआड जातो. थांब की जरा."

"उत्तर नाही म्हणजे नाही. यादीतून काढायचं."

"तुला कुणासाठी थांबताच येत नाही. आईसाठी तरी थांबलीस का?"

ईदचा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं! वहिनी ओपोरचं, नारळाच्या दुधातल्या कोंबडीचं, पातेलं हातात घेऊन तशीच उभी. आईच्या शेवटच्या आठवड्यात मी सिंगापूरला मुलाखतीला गेले होते, दोन दिवसांत परत येणार होते. आईच थांबली नाही. त्याला हे माहीत होतं. तरी उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी पिशवी उचलली आणि मिळेल ती बस धरली. फोनचा नंबरही बदलला.

त्याच आठवड्यात रागाच्या भरात सांबुंग झाडून काढलं. जुनं, कच्चं, सगळं बाहेर. सातवी आवृत्ती काढली आणि ठरवलं की सहावीचं कोणी बोलायला आलं तर ऐकूनच घ्यायचं नाही, उंबऱ्यावरच टाकून द्यायचं. मासच्या कोडाची तऱ्हा उलटी. कोणीही येवो, कसलीही आवृत्ती असो, उत्तर द्यायचं! दुकानातही तसाच, एक पान झेरॉक्स करायला आलेल्याला खुर्ची देतो, वर चहा. माझा नियम बरोबरच होता. आजही बरोबरच वाटतो.

आणि चौथं दार तेव्हापासूनच बंद. माझ्या नोंदीत रोज तेच — चौथं: उत्तर नाही. म्हणजे त्याने तार उपटून टाकली. थोरल्यानेच दार लावून घेतलं तर धाकटीने कुठे जायचं?

२६ मार्च, बुधवार

मनाडोवाला सोडत नाही! आता म्हणतो, "माझ्या जुन्या लॅपटॉपवर तुमची जुनी आवृत्ती आहे, ती चटकन सुरू होते. नवीच तेवढी अडते."

जुनं ते सोनं! प्रत्येकाचं हेच रडगाणं. उत्तर दिलं — "कृपया नवीन आवृत्ती वापरावी." त्याने तोंड वाकडं केलेलं चित्र पाठवलं.

२७ मार्च, गुरुवार

बु हार्याती गेल्या. मला किल्ल्या, मांजराचं खाणं आणि फ्रीजमधलं उरलंसुरलं सोपवून. गाडीत बसल्या आणि पुन्हा उतरल्या.

"आमची गाडी तेमांगुंगवरूनच जाते. त्या झेरॉक्सवाल्याला काही सांगू का?"

"नको! शपथ आहे तुम्हाला."

"बरं बाई. पण एक सांगते, ऐकायचं तर ऐक. ईदला धाकट्याने जायचं असतं. गुडघे टेकायचे, थोरल्याचे हात कपाळाला लावायचे, चुकलं म्हणायचं. चूक कुणाची ते अल्ला बघून घेतो. थोरला तुझ्या दारात यायचा नाही. रीतच नाही तशी."

"आणि थोरल्याने दारच लावलं असेल तर?"

"वाजवायचं!"

त्यांना काय सांगू? गेली पाच वर्षं रोज वाजवतेच आहे. सकाळी लॅपटॉप उघडला की पहिलं तेच होतं. मला मुद्दाम काही करावं लागत नाही, म्हणूनच तर ती ओळ ठेवली.

गाडी वळली आणि सबंध घरात मी एकटी उरले. मांजरही जेवायच्या वेळेपुरतंच येतं.

२८ मार्च, शुक्रवार

खोडली.

दुपारच्या नमाजाची हाक चालू होती. चौथा पत्ता निवडला, बटण दाबलं, संपलं. सगळ्यांसाठी ईद झाल्यावर सोडेन. आधी माझ्या एकटीच्या लॅपटॉपवर चढवली. नवी आवृत्ती आधी आपण चाखायची, मग जगाला वाढायची, ही आमची पहिल्यापासूनची शिस्त. मासनेच लावलेली.

सुरू केलं. पापणी लवते न लवते तोच उघडलं! मनाडोवाला नाचेल.

मला मात्र रडू आलं. भांडी घासत रडले, म्हणजे दोन्ही कामं झाली.

२९ मार्च, शनिवार

फोन बंद करून ठेवला. जे वर्षभर विचारत नाहीत त्यांच्या शुभेच्छा नकोत.

३० मार्च, रविवार

चंद्र दिसला. गल्लीत ढोल, पोरांची मिरवणूक, मशिदीच्या भोंग्यावर तकबीर. शेजारच्या घरातून केतुपात, पानात बांधलेला सणाचा भात, शिजल्याचा वास येतोय. मी पाकिटातल्या शेवया उकळल्या. अंडंही घातलं, सण म्हणून!

आपण किती लोकांना जोडून दिलं याचा हिशोब मनात करत बसले. फ्लोरेसच्या दवाखान्यातली डॉक्टरीण सांबुंगवरून बेटापलीकडच्या रोग्यांचे कागद बघते. हाँगकाँगला घरकाम करणारी एक बाई त्यावरूनच आईच्या टीव्हीवर आपले फोटो लावते. आणि माझ्या स्वतःच्या जाळ्यात मी सोडून कोणीही नाही. हसूही येईना.

३१ मार्च, सोमवार. ईद

सकाळी नमाजाहून आले. बु हार्यातींना ईद मुबारक म्हणावं म्हणून फोन चालू केला आणि तो हातातच थरथरायला लागला. न उचललेले कितीतरी फोन, एकाच अनोळखी नंबरवरून. तेवढ्यात पुन्हा वाजला.

"वुर? जिवंत आहेस का ग तू?" वहिनी! पाच वर्षांनी आवाज ऐकला, तरी लगेच ओळखला.

"म्हणजे काय? आहे की. नंबर कुठून मिळाला?"

"तुझी ती मालकीणबाई! गुरुवारी दुकानात येऊन नंबर देऊन गेली, पत्ताही. म्हणाली, पोरगी एकटीच आहे घरात. मी म्हटलं ईदच्या सकाळी करू फोन. तर शुक्रवारी संध्याकाळी हे घाबरेघुबरे! 'वुरचं यंत्र आलं नाही. दुपारपर्यंत होतं.' शनिवारी नाही, रविवारी नाही. फोन लावावा तर तुझा बंद!"

मला काही उमजेना. "माझं यंत्र... कुठे आलं नाही?"

"दार वाजवायला ग! तुमच्या त्या सांबुंगवर. सगळ्या दुनियेचं येतं, तुझंच तेवढं थांबलं. रोज सकाळी हे कॉफी घेऊन त्या डब्यापुढे बसतात. तुझ्या लॅपटॉपची खूण दिसली की म्हणतात, 'उठली.' मगच दुकान उघडायचं. पाच वर्षं चाललंय हे! मी कितीदा म्हटलं, उठा आणि फोन करा. तर म्हणे, 'मी रोज उत्तर देतो, तीच पुढे बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल. मी थांबतो.'"

"उत्तर? वहिनी, त्याचं उत्तर कधी येतच नाही!"

"नाही कसं? मी स्वतः बघते ना पडद्यावर, वुर आली, उत्तर गेलं. आणि आता यावर वाद घालू नकोस. पहाटेच निघालेत दुचाकीवरून. नमाजसुद्धा वाटेतच कुठेतरी पढतील. ईदच्या दिवशी घरचा थोरला बाहेर, आणि इकडे पाहुणे येऊन बसलेत, त्यांना मी काय सांगू? तो डबा मात्र तसाच आहे. तू गेलीस त्या दिवसापासून यांनी त्यात एक अक्षर बदललेलं नाही."

एक अक्षर बदललेलं नाही.

फोन कसा ठेवला ते आठवत नाही.

३१ मार्च, थोड्या वेळाने

चौथा पत्ता परत लिहिला. माझा तो नियम खोडला. सुरू केलं — चौथं दार सगळ्यांच्या आधी उघडलं! मासचा डबा अजून सहाव्या आवृत्तीवर आहे. त्याचं उत्तर रोज येत होतं. रोज! मीच ते न वाचता उंबऱ्यावर टाकून देत होते.

खाली फाटक वाजतंय. आधी ओ देते.