माणशी एक ओळ

रविवार, १४ डिसेंबर

ती. ताईंस,

नमस्कार. 'पत्र लिहिण्यास कारण की' इथपर्यंत तीनदा आलो आणि तीनदा कागद फाडला. चौथा फाडायची सोय नाही, आमच्याकडे कागदसुद्धा मोजून असतात. तेव्हा आता जसं येईल तसं येऊ दे, चुकलंमाकलं समजून घ्या.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? तुमच्या भाचीचा, म्हणजे आमच्या बडबडीचा, कॉलेजचा अभ्यास चालू आहे आणि त्याहून जास्त तोंड चालू आहे. माझं डेपोतलं तेच ते. नवीन साहेब आलेत. बसला ब्रेक कुठे असतो हे त्यांना अजून शिकायचंय, पण स्टोअरकीपरने साहेबाला काय शिकवावं! नळाचा वॉशर बदलला. खालच्या मजल्यावरचा न्हावी जिन्यात घसरला होता, आता हिंडतोय. तुमच्या बहिणीची तब्येतही बरी आहे. म्हणजे तसं बघायला गेलं तर बरीच म्हणायची.

फोन का नाही केला असं म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडायची नाही. दीड खोलीचं घर. इथे मनात बोललं तरी पलीकडे ऐकू जातं.

तर झालं असं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे वर्षाची बैठक असते. तुम्ही कधी बसला नाहीत म्हणून सांगतो. बैठक म्हणजे तुमची बहीण मांडते आणि आम्ही गप्प बघतो. टेबल पुसायचं आणि तिचा बटणांचा डबा वर उपडा करायचा. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात दुसरं काय मुबलक असणार? वर्षाला जेवढे पैसे येणार तेवढी बटणं ती आधी वेगळी काढते. कोटाची मोठी बटणं म्हणजे घरभाडं, पितळी म्हणजे वीज-पाणी, काळी म्हणजे कॉलेजची फी. ते झालं की शर्टाची छोटी पांढरी बटणं. ती माणशी एक ओळ. एका ओळीत एका माणसाचं अख्खं वर्ष: तांदूळ, पाव, तेल, चहा-साखर, साबण, चपलांचा जोड, औषध. सगळी बटणं लागली की हिशोब संपला. वहीबिही काही नाही. अर्थमंत्री तिच्यापुढे झक मारतील.

या खेपेला तिने पांढऱ्या ओळी मांडल्या त्या दोनच.

ताई, घरात माणसं तीन आहेत.

माझा जन्म गेला स्टोअरमध्ये. तीन बस असताना दोन बसचंच ऑइल मागवलं की मला न बघता कळतं, एक बस उभी राहणार. त्या दोन ओळी बघून मला तसंच कळलं, कुणीतरी एक कमी धरलंय. गेल्या वर्षापर्यंत तीन ओळी असायच्या. तेव्हा आमचे वडील, नाना, होते. पण नानांना पेन्शन होती, त्यांचं त्यात भागतं असं मी धरून चाललो होतो. तीन ओळी म्हणजे मी, ती आणि लेक. नाना मार्चमध्ये गेले. मग ओळी तीनच राहायला हव्यात ना? की मलाच बेरीज येईनाशी झाली?

विचारलं का नाही म्हणाल. विचारलं की! म्हणजे खाकरलो. ती म्हणाली, "खोकला लागलाय का? औषधाचं एकच बटण आहे हं, जपून." आणि बटणं गोळा केली.

तेव्हापासून डोक्याचा नुसता भुगा झालाय. आधी वाटलं, लेक चालली असेल. कुठे नोकरी बघितली असेल, नाहीतर एखादा मुलगा. मायलेकींचं ठरतं आणि बापाला शेवटी कळतं, ही जगाची रीत आहे. म्हणून तिला आडून विचारलं, "काय गं, कुठे जायचा विचार आहे का?" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी! म्हणाली, "मी तेच तुम्हाला विचारणार होते, बाबा. तुम्ही बदली मागितलीत ना?" म्हणजे तिनेही ओळी मोजल्या होत्या आणि मला गाळून मोकळी झाली होती. घ्या!

मग मीही मला गाळून बघितलं. खोटं कशाला बोलू, जमत होतं. गेल्या महिन्यात आमचं वाजलं. मी जुन्या बाजारातून एक रेडिओ आणला. चालू आहे हो, नुसती आवाजाची एक खुंटी नाही. ती म्हणाली, "हा कुठल्या बटणातून आला?" माझं डोकं फिरलं. खालचा न्हावी दारात उभा होता, त्याच्या देखत बोलून गेलो, "या घरात माणसाने श्वाससुद्धा मोजून घ्यायचा! यापेक्षा डेपोत बाकड्यावर झोपलेलं परवडलं." तिने रेडिओ पुसून फळीवर ठेवला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तर तिने मला शब्दात पकडलं असेल, असं वाटलं. पण मग परवाच माझ्या बुटांना नवे तळ का लावून आणले? घालवून द्यायच्या माणसाचे बूट कोण दुरुस्त करतं?

मग उरलं कोण ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळून दोन दिवस झालेत, पण लिहवत नव्हतं.

तिने स्वतःचा थंडीचा कोट उसवून लेकीच्या मापाचा केला. स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी या वर्षात दोनदा आत घेतल्या, मी बघितलंय. दुपारी कुठेतरी जाऊन येते. "कुठे?" म्हटलं तर म्हणते, "जरा पाय मोकळे करून आले." जे माणूस वर्षभर असणार नाही त्याची ओळ मांडत नाहीत, ताई. ती तुमच्याकडे येऊन राहणार आहे का? रागावून येणार असेल तरी चालेल, नक्की चालेल. पण डॉक्टरने काही सांगितलं असेल आणि ती आमच्यापासून लपवत असेल तर? तुम्हाला काही बोलली असेल तर कळवा. मला भीती वाटते आहे. हे मी कुणाला पहिल्यांदाच सांगतोय.

आपला,
मेहुणा (अजून तरी)


रविवार, २८ डिसेंबर

ती. ताईंस,

नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच वाक्य: "मला दोनशे मैलांवर विचारण्यापेक्षा दोन हातांवर बसलेल्या बाईला विचारा." शाळेत शिकवणं सोडून इतकी वर्षं झाली तरी छडी काही सुटली नाही तुमच्या हातातली. पण बरोबर आहे तुमचं. विचारलं.

सकाळी ती मशीनवर होती, कुणाच्या तरी पडद्यांना काठ शिवत होती. लेक शेजारी दोरे ओवून देत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तू कुठे चाललीस?"

"बटाटे आणायला. पण हा काठ झाल्यावर."

"तसं नाही. वर्षभरासाठी."

तिने मशीन थांबवलं. "अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

मग मी सगळंच ओकून टाकलं. दोन ओळी, कोट, शिवणी, दुपारचं बाहेर जाणं. ऐकताना ती आधी हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, "दोनच तर हव्यात. एक तुमची, एक हिची."

"आणि तुझी?"

"माझी कशाला लागते?"

ताई, ती रुसून बोलली असती, टोमणा म्हणून बोलली असती, तरी मला समजलं असतं. पण ती अगदी साधं बोलली हो. मी काहीतरी वेड्यासारखं विचारतोय असं तिला खरोखर वाटत होतं.

लेकीने विचारलं, "मग आधीच्या तीन?"

"नानांची, बाबांची, तुझी. नानांची पेन्शन काय वेगळी होती? सगळं एकाच डब्यात यायचं."

म्हणजे आम्ही चौघं होतो तेव्हा तीन आणि तिघं उरलो तेव्हा दोन. लग्न झाल्यापासून ओळ एक कमीच होती. मी दर डिसेंबरला समोर बसून बघत होतो आणि त्यातली एक तिची समजत होतो.

"मग तू खातेस काय?" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

"उरतं की."

"काय उरतं? या घरात एक बटण उरत नाही असं तूच सांगतेस जगाला!"

ती विचार करायला लागली. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही कधी मांडून बघितलं नव्हतं बहुतेक. म्हणाली, "निघतं कुठून कुठून. तांदूळ मोजताना मी मापावरून हात फिरवून घेते, त्यातला मूठभर राहतो. तुमचे चहा झाले की त्याच पावडरीवर पाणी टाकलं की माझा होतो. साबणाच्या चिपा असतात. चपला हिच्या जुन्या येतात, टाचेला कापड लावलं की झालं. आणि नाना निम्मं ताट न शिवता परत द्यायचे. ते गेल्यापासून मात्र जरा कमी पडतं, खरं आहे."

जरा कमी पडतं! म्हणून शिवणी आत. दुपारी जाते ती गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला. आधी ते स्वतः घेऊन जायचे, आता ती घरपोच देते, कारण दोन-तीन घरी चहाबरोबर बिस्किटं पुढे करतात. हे तिने लाजत सांगितलं, चोरी पकडल्यासारखं. लेक तर माझ्यावरच उसळली. "बाबा, तुम्ही स्टोअरकीपर ना?" म्हणाली आणि रडायलाच लागली. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते अजून ठरलेलं नाही. तिचा म्हणावं तर तिने काय केलं? घर चालवलं. माझा म्हणावं तर मी काय केलं? तेच तर, काहीच नाही केलं.

डॉक्टरकडे नेलं. नको-नको करत आली. त्यांनी तपासून झाल्यावर औषधाचा कागद बाजूला सारला आणि म्हणाले, "यांना जेवायला घाला." बायकोपुढे नवऱ्याला असं बोलतात का कुणी? पण बोलले. मीही ऐकून घेतलं.

घरी आल्यावर म्हटलं, काढ डबा, बैठक परत होणार. रेडिओ विकतो, डेपोत जादा पाळी घेतो, पण तिसरी ओळ मांड. रेडिओ विकायचं म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, "तो नका विकू, दुपारी ऐकते मी." तिला रेडिओ आवडतो, ताई! एवढी एक गोष्ट मला या सगळ्या गोंधळात नव्याने कळली.

बरं, बसली मांडायला. हातात बटणं घेतली आणि थांबली. "माझं किती धरू?"

मी म्हटलं, "माझ्याइतकं."

"तुमच्याइतकं मला कसं जाईल?"

"मग हिच्याइतकं."

"हिचं वाढतं वय आहे. मला तेवढं लागतं का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, मी चहात साखर किती घेते?"

थट्टा नव्हती ती, खरंच विचारत होती. मी लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "आई, तू साखर घेतच नाहीस." तर ही म्हणाली, "घ्यायचे. आधी घ्यायचे वाटतं." मुठीतली बटणं तिने एकदा मोजली, परत मोजली. एवढी हिशोबी बाई, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तोंडी बेरजेत पाणी पाजणारी, आणि एका माणसाच्या साखरेपाशी अडली. मग भडकली माझ्यावर. "नसती भानगड काढलीत! दोन ओळींत सुरळीत चाललं होतं सगळं." उठून बटाटे सोलायला गेली. चार बटाटे सोलायची सवय, मी पाचवा पुढे केला तर तो परत टोपलीत टाकला.

म्हणून हे दुसरं पत्र. तुम्ही दोघी एका घरात वाढलात. लग्नाआधी ती किती जेवायची? मागून घ्यायची का, की वाढलेलंच पुरायचं? साखर किती, एक चमचा की दोन? थंडी फार वाजायची का तिला? पायाचं माप काय होतं? काय केलं की खूश व्हायची? तिला विचारलं तर म्हणते, "मला काहीही चालतं," आणि तेच मी इतकी वर्षं खरं धरून बसलो होतो. तुम्हाला आठवेल तसं लिहा, क्रम नसला तरी चालेल.

इथपर्यंत लिहिलं आणि ती मागे येऊन उभी राहिली. सगळं वाचलं. मला वाटलं, आता पत्र हिसकावून घेणार. तर हसायला लागली. म्हणाली, "ताईला कसं माहीत असणार? तिचं जेवून झालं की तिच्या ताटात उरलेलं मी जेवायचे."

तिला त्यात काहीच वाटलं नाही, ताई. हसत-हसतच मशीनवर जाऊन बसली. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्हीही तेव्हा लहान होतात. पण आता विचारायला मला दुसरं कुणी नाही आणि तुम्हालाही तिच्याशिवाय दुसरी बहीण नाही. तेव्हा निदान अंदाजाने तरी कळवा. नाहीच काही आठवलं, तर या इकडे आणि आमच्यात जेवायला बसा. ती किती खाते ते आपण दोघं मिळून बघू.

वाट बघतो.

तिच्या हातचं रोज पोटभर जेवलेला,
तिचा नवरा