यात दुसरं काही नाही

३ मार्च

पोचलो एकदाचे. सामानाचा टेम्पो दुपारी आला. दोन कपबशा सोडल्या तर सगळं धड आहे. घर कोरडं ठणठणीत आहे. भिंतींना चुना, खाली लादी, खिडक्या समोरासमोर, आणि एकाही कोपऱ्यात ओल नाही. नवरा टेम्पोवाल्याला हसत सांगत होता की बायका नव्या घरात आधी स्वयंपाकघर बघतात, आमची भिंतींचा वास घेत फिरतेय. घेणारच. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

शिट्टी सगळ्या खोल्यांतून धावून आली. शिट्टी म्हणजे आमची सात वर्षांची लेक. श्वास घेताना छाती वाजते म्हणून बाबाने लाडाने ठेवलेलं नाव. जुन्या घरात तिच्या कपाटाच्या पाठीला बुरशी धरली होती. कपाट नणंदबाईंनी तिच्या जन्माच्या वेळी पाठवलं होतं. बिचाऱ्यांना काय माहीत! नवऱ्याने ते मागच्या मोकळ्या जागेत नेऊन जाळलं, पण तोवर पोरीची छाती बिघडली ती बिघडलीच.

मग कळत गेलं की भिंतीवरची बुरशी निदान दिसते, डब्यातली दिसत नाही. जॅमला, सरबताला, अगदी खोकल्याच्या औषधालाही आंबटपणा आणतात ते सायट्रिक आम्ल लिंबातून येत नाही. मोठ्या टाक्यांमध्ये काळ्या बुरशीकडून ते बनवून घेतात. पाव मऊ राहावा म्हणून पिठात जे घालतात, त्यातलंही बरंचसं तिचंच. गाळून स्वच्छ केलेलं असतं, बहुतेकांना काही होत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. शिट्टीला व्हायचं. म्हणून मी दुकानात पाकिटं उलटी धरून बारीक अक्षरं वाचत उभी. दुकानदाराने माझं नाव ‘परीक्षक बाई’ ठेवलं होतं.

आता ते संपलं. खालच्या मजल्यावर नणंदबाईंचा छोटा कारखाना आहे. पीठ, पाव, साबण, दंतमंजन, कपडे धुण्याची पूड, सगळं आमच्यासारख्या घरांसाठी. माझ्या ओट्यावर बरण्या भरून ठेवल्यात, एकीवरही चिठ्ठी नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, माझ्या घरात वाचावं लागत नाही, विश्वास ठेवला की झालं. मला भरूनच आलं.

६ मार्च

खाली कामाला लागले. सकाळी पावांच्या पिशव्या बांधायच्या, साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायच्या, आणि उरलेला वेळ फोन घ्यायचा. फोन करणाऱ्या बहुतेक आया असतात. एकेकीचं ऐकून वाटतं, आपलंच कुणीतरी सांगतंय. त्या सगळ्या शेवटी एकच विचारतात, की यात नक्की काय काय आहे. नणंदबाईंनी उत्तर शिकवून ठेवलंय. गहू आहे, पाणी आहे, मीठ आहे, यात दुसरं काही नाही. सांगताना मला अभिमान वाटतो. दुसऱ्या गावातल्या एक बाई आहेत, जुळ्या मुलांची आई, त्या तर दोन-तीन फोनांतच मला मैत्रिणीसारख्या झाल्यात. माझ्या लेकीलाही हेच देते, असं सांगितल्यावर त्यांनी पंधरा दिवसांचं पीठ मागवलं.

१० मार्च

शिट्टीची छाती वाजत नाही.

पहाटे तिच्या पाठीला कान लावून बसले. काही नाही. अगदी शांत. पळतच नवऱ्याला सांगायला गेले. तो दाढी करत होता. “हं” म्हणाला आणि गालावरून वस्तरा फिरवत राहिला. इतकी वर्षं आपण दोघांनी पोरीला रात्र रात्र मांडीवर बसवून काढली, आणि नुसतं हं? मला राग आला होता, पण आनंद त्याहून मोठा होता. नणंदबाईंचे हात हातात घेतले. त्या हसल्या. म्हणाल्या, अजून थोडं मुरू दे.

मुरू दे, असं का म्हणाल्या असतील? बोलण्याची पद्धत असेल.

१६ मार्च

शिट्टी खेळायला जात नाही. खिडकी उघडली की उठून लावते. ऊन टोचतं म्हणते. न्हाणीघर ओलं झालं की तिथे भिंतीला गाल लावून बसते. ओरडले तर रडली नाही, नुसती बघत राहिली, पाहुण्या बाईकडे बघावं तशी.

आज पाव कापताना एक वास आला. ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. मग साबणाला आला. मग शिट्टीच्या केसांना. संध्याकाळी भांडी घासता घासता हात थांबले. जुन्या घरातलं ते कपाट सरकवलं होतं तेव्हाचा वास.

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, तुझ्या डोक्यातून ते कपाट जातच नाही. खरं असेल. पोरगी बरी झाली तरी आईच्या मनातली भीती मागे राहते.

तरी उद्यापासून माझ्यापुरते बाजारातले बंद डब्यातले शेंगदाणे आणि फळं खाणार आहे. कुणाला सांगणार नाही.

१९ मार्च

जुळ्यांच्या आईचा फोन. मुलांचा खोकला गेला म्हणाल्या. पण आवाजात आनंद नव्हता. दोघंही न्हाणीघरात भिंतीकडे तोंड करून बसतात, एकमेकांशीही बोलत नाहीत. पिठात खरंच काय आहे, विचारत होत्या.

नणंदबाई समोरच वड्या मोजत होत्या. मी म्हटलं, गहू आहे, आणि दुसरं काही नाही.

फोन ठेवल्यावर पुढची पिशवी बांधायला घेतली. मी दळताना पाहिलंय कुठे? मी फक्त बांधते.

२१ मार्च

दुपारभर वही समोर घेऊन बसले. आता लिहिते.

नणंदबाई आणि नवरा माल पोचवायला गेले होते. साबण संपले म्हणून मागच्या खोलीचं दार ढकललं. तिथे साबण वाळतात, हवा लागू द्यायची नाही, असं सांगून ठेवलं होतं. वाळायची खोली, पण आत ऊब होती, आणि ओल. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. मांडण्यांवर परातीच पराती, आणि प्रत्येकीत पांढरी लव, मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखी. दारातून वारा आला तशी ती सगळी एकदम दाराकडे वळली. वारा आतल्या दिशेने येत होता. ती वाऱ्याच्या उलट वळली.

कोपऱ्यात चाळण, आणि खाली पांढरी पूड. त्याच पुडीचं माप पिठाच्या पिंपात होतं. साबणाच्या पातेल्यातही.

समोरच्या भिंतीला एक फळी टेकवलेली होती. तिच्यातूनच सगळं उगवलं होतं, दोऱ्यासारखं परातींपर्यंत पसरलेलं. लवेखाली निळ्या खडूचं एक घर दिसत होतं, दोन खिडक्यांचं, तिरक्या दाराचं. शिट्टीने तीन वर्षांची असताना काढलेलं. मी तिला रागावले होते, चांगलं कपाट खराब केलंस म्हणून.

जाळलं म्हणाला होता. हातांना राख लावून घरी आला होता.

२२ मार्च

नवऱ्याला विचारलं. वाटलं होतं चिडेल, नाहीतर नाकबूल करेल. तसं काही झालं नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि सावकाश सांगत गेला. लहानपणी त्याचीही छाती अशीच वाजायची. आईवडील गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं, आणि तिनेच हे शोधलं. शरीर भांडतं म्हणून खोकला येतो. भांडण सोडलं, बुरशीला आत जागा दिली, की दुखणं संपतं. म्हणून शिट्टी जन्मली तेव्हा ते कपाट आलं. हळूहळू सवय व्हावी म्हणून. पण मी घासत राहिले, पुसत राहिले, पाकिटं वाचत राहिले, म्हणून पोरीला त्रास झाला. माझ्यामुळे.

इतक्या वर्षांत हा एकदाही खोकला नाही. साधा सर्दीचाही खोकला नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी म्हटलं, दवाखान्यात पोरगी निळी पडली होती तेव्हा तू माझ्या शेजारी बसून रडत होतास.

“रडत होतो,” तो म्हणाला. “तू तिला किती दिवस अडवून धरणार, ते कळत नव्हतं म्हणून.”

नऊ वर्षं मी ह्याच्याशेजारी झोपते आहे.

२४ मार्च

शिट्टीला घेऊन बाहेर पडले. कुणी अडवलं नाही. नणंदबाईंनी तर दार धरलं. तेव्हाच समजायला हवं होतं.

डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. नळी बदलली, पुन्हा ऐकलं. मला म्हणाले, इतकी शांत छाती मी ऐकलेली नाही. मग तिला श्वास घे म्हणाले. ती म्हणाली, घेतेय की. त्यांनी नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले, ते बाहेर आलेच नाहीत.

बसथांब्यावर उन्हात ती सुकायला लागली. खरंच सुकायला, ओठांपासून. कातडीचे पापुद्रे सुटले. आई, आत्याकडे, एवढंच म्हणत राहिली. मी उचलून परत आणली. मीच. स्वतःच्या पायांनी.

दारात दोघं उभे होते. पाव गरम होता.

२५ मार्च

निदान इतरांना सांगावं. सगळे वर जेवत होते तेव्हा खाली जाऊन जुळ्यांच्या आईला फोन लावला. सगळं सांगितलं, परातींचं, पुडीचं, मी खोटं बोलले त्याचं. मग त्या म्हणाल्या,

“मला कळलंय कधीचंच. पण पाठवायचं बंद नका करू. परवा एक दिवस पीठ नव्हतं तर पोरं सुकत होती.”

दुसरीला लावला. तिसरीला. एकीने शिव्या दिल्या. एकजण रडली, आणि दोन पिशव्या जास्त मागितल्या.

२७ मार्च

माझ्याच छातीत काहीतरी —

मी यांचं काही खात नाही. शेंगदाणे, फळं, नळाचं पाणी. साबणही नाही. मग कसं —

सकाळी खोकला आला. कोरडा, खोल. तिघंही जेवता जेवता थांबली, आणि माझ्याकडे बघून — काय सांगू — प्रेमाने हसली.

२८ मार्च

शिट्टीच्या फ्रॉकच्या खिशात डबी. पांढरी पूड.

माझ्या पाण्याच्या तांब्यात टाकत होती. रोज. मी यांचं खाणं सोडल्यापासून. मी मारायला हात उचलला. ती हलली नाही. म्हणाली,

“तू एकटीच राहिली होतीस ना, आई.”

आत्याने सांगितलं का, विचारलं. नाही म्हणाली. तिचं तिलाच वाटलं.

त्या दोघांना मी माफ करणार नव्हते. हिला काय करू —

२९ मार्च

खोकला कमी. बरं नाही हे. भांडायला हवं. खिडकी उघडली होती, कुणी लावली — मीच उठले होते वाटतं —

खोली पेटवायची. काडेपेटी ओट्यावर. शिट्टी जिन्यात बसली आहे. ती जगेल का मग? ती आणि ती जुळी आणि ते सगळे —

काडेपेटी ओली आहे. माझ्याच हातात ओली झाली.

३० मार्च

नवरा दारात उभा. वही मागत नाही. घाई नाही म्हणतो.

अजून मी आहे. जो कुणी हे वाचेल त्याने घरगुती, शुद्ध, विश्वासाचं म्हणून हातात येईल ते आधी हुंगावं. पाव, साबण, काहीही. वास कसा येतो ते लिहून ठेवते, म्हणजे ओळखता येईल. बंद कपाट सरकवल्यावर येतो तसा, कुजका, घशाला —

नाही. तसा नाही.

हात हुंगला आत्ता. आज तसा येत नाही. कसा सांगू, लहान बाळाच्या टाळूला येतो ना, तसा काहीसा, आणि इतका छान, की