विस्तव नसलेली शेगडी

३ ऑक्टोबर २०२५
चूल फोडली. याडी दवाखान्यातून यायच्या आत. वसमतचे डॉक्टर स्पष्टच म्हणाले होते — धूर बंद करा, फुप्फुसं संपत आलीत. आता पत्र्यावर पॅनेल, ओट्यावर सोलरची शेगडी. सगळ्यांना विचारलं, फक्त याडीला, माझ्या आईला नाही. विचारलं असतं तर फोडू दिली असती का?

७ ऑक्टोबर
शितलची भाकर शेगडीवर फुगली नाही. याडी म्हणाली, "मास्तर, तुझी शेगडी तुझ्या बायकोपेक्षा गुणाची. आल्यापासून एक शब्द बोलली न्हाई!" शितलही हसली. याडीचा खोकला कमी आहे. मग मला बरं का वाटत नाही?

१५ ऑक्टोबर
"दिवाळीला तुझ्या बाला कुठं बोलवायचं?" — याडी.
बा उन्हाळ्यात गेला. ही पहिलीच दिवाळी. चुलीतल्या विस्तवावर लापशी-तूप सोडायचं, गेलेल्याला नावानं हाक मारायची — धबुकार. तांड्यात जन्मलो, वाढलो, आणि चूल फोडताना हे आठवलंच नाही!

२१ ऑक्टोबर, दिवाळी
अंगणात घमेल्यात निखारे केले. लापशी सोडली, हाक मारली. याडी लांबच बसून राहिली. "तो घरातल्या चुलीपाशी जेवायचा. हितं भिकाऱ्यासारखा काहून येईल?"

२२ ऑक्टोबर
सकाळी याडी शेजारी पद्माबाईच्या चुलीपाशी जाऊन बसली. जन्मात बाचं नाव घेतलं नव्हतं, आज मोठ्यानं घेतलं म्हणे — "वसराम, ये!" मग धाप लागली. पद्माबाई रडत सांगत होती, "मी ओढून राहिले, पण ती फुंकणी सोडीना रे!"
हिंगोलीला ऑक्सिजनवर ठेवलंय. धुरानंच पाडलं. म्हणजे माझं बरोबर होतं. या बरोबरचं करू काय?

२६ ऑक्टोबर
मास्क बाजूला सारून म्हणाली, "माझ्या वेळंला घमेल्यात बोलावू नको. मी न्हाई यायची." नर्स रागावली. मी मास्क परत बसवला. हो म्हणालो नाही. चूल मांडली की उद्या तिच्या धुरात शितल बसणार. पण नाही तरी कुठं म्हणालो? नुसता पट्टा नीट करत राहिलो.

२९ ऑक्टोबर
याडी काल गेली. आज चुलीसाठी माती कालवली. मीच.