मनगटातलं लाल रबर

प्रिय कमर,

"तू बसून राह्य रत्ने, आज तुले खो नाही देत मी." अंतिम सामन्याला उतरताना तू माझ्या कानात म्हणाली होतीस, आठवतं? माझ्या मनगटात लाल रबर होतं. पाळी आलेल्या मुलीने ते घालायचं आणि बाकीच्यांनी तिला न उठवता पुढे बसलेलीला खो द्यायचा, हा आपल्या शाळेच्या खो-खो संघाचा गुपचूप नियम. तूच काढलेला. मानोऱ्याच्या सामन्यात तू पोट धरून मैदानातच बसलीस आणि कडेची पोरं हसली, त्यानंतर. सरांना सांगायची सोय नव्हती, म्हणून रबर.

इथे मंगरूळपीरला सारं छान आहे. शाळेच्या मैदानावर नवी माती टाकली, खांब रंगवले. मी खेळाची मॅडम म्हणून दिवसभर शिट्टी गळ्यात घालून हिंडते. विनोद म्हणतात, झोपताना तरी काढत जा. तुझी उमेरा नानीकडे मजेत आहे. मला मैदानावर 'मॅडम' आणि फाटकाबाहेर मावशीच्या हक्काने 'रत्ना खाला' म्हणते. खो मिळाल्यावर अशी उठते की पाठीला हात लागायच्या आतच निघाली की काय, असं वाटून मी शिट्टी तोंडाशी नेते.

शाळा सुरू झाली तेव्हा एकदा मुली तिला वगळून खो देताना दिसल्या. बघते तर मनगटात लाल रबर. "अम्मीने दिलं," म्हणाली; नियमही तिनेच साऱ्या मुलींना शिकवलेला. मला हसू आलं, मग येईना.

तेव्हापासून सराव संपला की आमचा एक खेळ चालतो. मी फूटपट्टी उभी धरते, मुलगी खाली बोटं उघडी ठेवते, मी न सांगता पट्टी सोडते. जितकी कमी घसरली, तितका हात चपळ. रबरवाल्या दिवशी प्रत्येकीचं एकच, "मॅडम, आज हात जड वाटून राह्यला." आणि पट्टी मात्र नेहमीच्याच जागी पकडलेली. उमेरा तर तेव्हा जास्तच लवकर पकडते आणि पट्टीच खोटी असल्यासारखी तिच्याकडे बघते. एकदोघींचा हात पाळी यायच्या आधी थोडा उशिरा मिटतो, पण तेव्हा त्यांना स्वतःला काही जाणवतही नाही. मूठभर पोरींवरून जगाचा नियम निघत नाही, हे मला कळतं. जिचं पोट दुखतं ती सावलीत बसते, तिला कुणी काही म्हणत नाही. पण जी तयार आहे, तिचं काय?

मी तयार होते, कमर. ती पळणारी माझ्या पुढ्यातून गेली, मागे तुझी पावलं ऐकू आली, माझी टाच उचललेली होती. तू पुढे जाऊन विमलला खो दिलास. आपण हरलो, त्याचं काही नाही. तू जपलंस तसं त्या वयात मला कुणी जपलं नव्हतं. फक्त त्या दिवसानंतर मीही मानून बसले की माझा हात जडच. कित्येक वर्षं त्या दिवसांत मी स्कूटी चालवली नाही, विनोद सोडायला यायचे. आता चालवते.

रविवारी वाशीमला जिल्ह्याचा सामना आहे, आणि उमेराची पाळी तेव्हाच यायची आहे. काल पट्टी पकडून तिने विचारलं, "खाला, मले खो भेटन ना?" अम्मीचं रबर ती घालणारच, आणि ते दिसलं की मुली तिला उठवणार नाहीत; माझ्या शिट्टीपेक्षा तुझ्या नियमावर त्यांचा जास्त भरवसा. तिने ते काढलं तर तुझा शब्द मोडला, मी काढायला लावलं तर मॅडमची जबरदस्ती. फोनवर तू "आधी जान, मग खेळ" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे पत्र. मानोऱ्याचं ते हसणं तू विसरली नाहीस. केनवडहून तू येणार नाहीस, 'नाही'च म्हणशील, हे ठाऊक आहे. तरी मागते. रविवारी ये, आणि तिला दुखत नसेल तर तिच्या मनगटातलं रबर तुझ्या हाताने काढ.

अजून टाच उचलून बसलेली,
तुझीच रत्ना