काकू आउट आहेत

बदलापूर
२५ जानेवारी १९८९

चि. सौ. मीनल हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तू हसशील. बदलापूरहून उल्हासनगर कॅम्प चारला उठून आलो असतो तर तुझा चहा उकळायच्या आत पोचलो असतो. पण अंबरनाथच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात, माझी हयात गेली. तिथे तोंडी काही चालत नसे आणि ते अंगात मुरलंय. म्हणून लेखी.

विषय तुझी काकू. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती तुझ्याकडे हळदीकुंकवाला म्हणून निघाली, दोन दिवसांत येते म्हणाली, आणि अजून ना ती ना तिची चिठ्ठी. मी रागावलेलो नाही. मला फक्त याला काय म्हणायचं ते कळलं पाहिजे. इंग्रज माणसाने न येण्याला किती शब्द करून ठेवलेत, बघ. विचारून, मंजूर करून घेऊन गेला तर तो लीव्हवर. त्याला कोणी ॲबसेंट म्हणत नाही, मग तो घरी लोळत का पडेना. न विचारता राहिला तर ॲबसेंट विदाउट लीव्ह. आणि असाच गायब राहिला तर ॲबस्कॉण्डिंग. तुझी काकू सध्या मधल्या खान्यात आहे. तिसऱ्यात जाऊ नये, इतकंच तिला वाचून दाखव.

माझं उत्तम चाललंय. आपला हात जगन्नाथ. काल खिचडी जरा खाली लागली, पण वरची चांगली होती. शेजारच्या बनूबाई मात्र रोज फाटकाशी उभ्या राहून विचारतात की पद्मजावहिनी कधी येणार, यंदा तुमच्याकडचं हळदीकुंकू कधी. रथसप्तमीच्या आत ते व्हायला हवं म्हणे. मी काय सांगू? रिटायर होताना ऑफिसच्या मंडळींनी दिलेली सागवानी पाटी दारावर आहेच. वर माझं नाव, खाली सरकती पट्टी, इन आणि आउट. भाजी आणायला गेलो तरी मी पट्टी आउटवर सरकवून जातो. या घरात निदान एका माणसाचा तरी पत्ता लागतो.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझ्या काकूला काय ते तूच सांग.

तुझा
चिंतामणीकाका


उल्हासनगर कॅम्प ४
२९ जानेवारी १९८९

ती. स्व. काकांना,
मीनलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काकूला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. लीव्हपर्यंत हसली, ॲबसेंटला गालातल्या गालात हसली, आणि ॲबस्कॉण्डिंगचा अर्थ सांगितल्यावर मेथीच्या काड्याही पानांत टाकायला लागली.

काका, रागावू नका हं, पण एक विचारते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुम्ही लाल पेन्सिलीने काकूची हजेरी मांडता हे खरं का? भजनाहून यायला उशीर झाला की एल, माझ्याकडे राहिली की ए? संक्रांतीच्या संध्याकाळी ती चार घरचं वाण घेऊन आली, बरोबर बनूबाई आणि आणखी दोघी तिळगुळाला आत आल्या, आणि त्या तिघींसमोर त्या तारखेवर लालभडक एल. बनूबाईंनी तो काय म्हणून विचारलं. काकूने दुधाचा हिशेब म्हणून सांगितलं. तुमच्यासाठी ती खोटं बोलली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

बाकी ती इथे मजेत आहे. माझ्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पुढच्या खोलीत बायकांबरोबर बसते. सध्या आमचा धडा तुमच्याच विषयाचा चाललाय. ही इज आउट म्हणजे जरासा बाहेर गेलाय, येईल. ही इज अवे म्हणजे लांब गेलाय. क्लासमधली लाजवंती, तिच्या सासऱ्यांचं पापडाचं दुकान आहे, तिने विचारलं की शेठ गल्ल्यामागे बसलाय पण उधारीवाल्याशी बोलायचं नाही, तर फोनवर काय सांगायचं. मी म्हटलं, आउटच सांगतात. सगळ्याजणी हसल्या. काकू सगळ्यांत जास्त.

जेवणाचे हाल करू नका. लागलेल्या भांड्यात रात्रभर पाणी घालून ठेवा, असं काकूने सांगितलंय. म्हणजे, तिने सांगितलंय असं मी सांगायचं नाही असं सांगितलंय.

तुमची माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली
मीनल


बदलापूर
२ फेब्रुवारी १९८९

चि. सौ. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या त्या लाजवंतीचं. गल्ल्यामागे बसलेला माणूस आउट कसा? तू शिक्षिका ना? इन म्हणजे इन, आउट म्हणजे आउट. आमच्याकडे किसन नावाचा फिटर होता. भाऊ गावी गेला की स्वतःच्या कार्डाबरोबर त्याचंही कार्ड पंच करायचा. मी पकडला. पाया पडला, त्याची आई येऊन रडली, युनियनवाले येऊन ओरडले. मी ऐकलं नाही. नसलेल्याला असलेला आणि असलेल्याला नसलेला मी उभ्या नोकरीत कधी दाखवला नाही. साहेबाचा मेव्हणा असला तरी नाही. बायकांना इंग्रजी शिकव, लबाडी शिकवू नकोस.

आता त्या एलबद्दल. अगं, ती सवय. हातात लाल पेन्सिल आणि समोर तारखा दिसल्या की माझा हात आपोआप चालतो. बनूबाई आत येणार हे मला काय ठाऊक? तरी आता जानेवारीचं पान मी फाडून टाकलंय. फेब्रुवारी कोरा आहे. सुंठीवाचून खोकला गेला. तेव्हा तिने कधी रुजू व्हायचं ते कळव, म्हणजे झालं.

बनूबाईंना मी परवा सांगून टाकलं की मिसेस आउट ऑफ स्टेशन आहेत. हा शब्द आमच्या साहेबांचा, मोठा भारदस्त. त्यांनी तो ऐकला. मग म्हणाल्या की उल्हासनगरला ना, परवा आमच्या सुनेला कॅम्पातल्या बाजारात भेटल्या, नवी साडी नेसल्या होत्या. मी पट्टी आउटवर सरकवून घरातच जावं असं क्षणभर वाटलं. पण ते तत्त्वात बसत नाही.

भांड्यात पाणी घातलं होतं. निघालं. एक गंमत सांगतो. रोज सकाळी चहा दोन कप होतो. आधण मोजून ठेवतो, तरी दोनच. एक मी पितो, एक निवतो.

कळावे, आणि लवकर कळवावे.

तुझा
चिंतामणीकाका


उल्हासनगर कॅम्प ४
६ फेब्रुवारी १९८९

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

या वेळचं हे पत्र माझ्या अक्षरातलं पण काकूच्या तोंडचं समजा.

काल क्लासमध्ये तिने मला विचारलं की ॲबसेंट नक्की कोणाला म्हणायचं. मी सांगितलं, जो तिथे असायला हवा आणि नाही, तो. रस्त्यावरचा कोणी तुमच्या वर्गात नसला तर तो ॲबसेंट होत नाही. ज्याचं नाव पुकारतात त्यालाच ते लागू. काकू बराच वेळ वहीवर पेन्सिल फिरवत बसली. संध्याकाळी तिने मला सांगितलं की काकांना लेखी विचार, माझं नाव तुमच्या कुठल्या मस्टरवर आहे?

काका, ती भांडत नव्हती. शांतपणे बोलली. म्हणाली की जागा बघायला उन्हात मीच हिंडले, भिंती बांधल्यावर हे शिफ्टला आणि पाणी मारायला मी. पण पोस्टमन येतो चिंतामणी कर्णिकांकडे, दूधवाला येतो कर्णिकसाहेबांकडे, आणि दारावरच्या पाटीवर एक नाव, एक पट्टी. त्या पाटीप्रमाणे मी या घरात आतही नाही आणि बाहेरही नाही. मग लाल पेन्सिल माझ्यावरच का?

याचं उत्तर तुम्हीच द्यायचं. म्हणून तुमच्याकडे पाठवते. तुम्ही नियमाचे माणूस, नियमानेच सांगा. रागावून गप्प मात्र बसू नका, कारण रथसप्तमीपर्यंत उत्तर आलं नाही तर काकू यंदाचं हळदीकुंकू माझ्याकडे करणार आहे. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्यात. एकदा इथे हळदीकुंकू झालं की बदलापुरात लोक काय म्हणतील ते म्हणतील, आणि तिला परत जाणं जड जाईल. तिने हे बोलून दाखवलं नाही, पण वाट्यांचं पुडकं तिने अजून सोडलेलं नाही. मला ती इथे हवी आहे, पण अशी नको.

तुमचीच
मीनल


बदलापूर
९ फेब्रुवारी १९८९

सौ. पद्मजा हिस,

नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. पण आपण एकमेकांना कधी पत्रच लिहिलं नाही, तेव्हा पद्धत आजपासून आपली. नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नियमाप्रमाणे असं. मस्टरवर ज्याचं नाव नाही त्याला ॲबसेंट मांडता येत नाही. लेटही नाही. कोणी मांडलंच तर चूक टाइमकीपरची. तुझ्यावरच्या सगळ्या नोंदी रद्द. लाल पेन्सिल बनूबाईंच्या नातीला चित्रं काढायला दिली.

आता तुझ्या नसण्याला काय म्हणायचं ते राहिलं. मी सगळे शब्द लावून पाहिले. कारखान्यात एक माणूस नसला की त्याच्या मशीनवर दुसरा उभा करतात आणि काम चालतं. इथे कोणाला उभा करू? तुळशीला पाणी मी घालतो, देवाची फुलं मी आणतो, सगळं वेळच्या वेळी होतं, आणि तरी घर चालत नाही. इंग्रजीत याला मिस करणं म्हणतात म्हणे. आमच्या ऑफिसात मिस म्हणजे चुकलेली गाडी. मला आपलं मराठीच बरं. मला तुझ्याशिवाय करमत नाही. हे आधी सांगायला हवं होतं, मी तारखांवर खुणा करत बसलो.

काल अंबरनाथला सदू पेंटरकडे गेलो होतो. आमच्या कारखान्यातले आकडे तोच रंगवायचा. पाटी त्याच्याकडे टाकली होती, आज आणली. अजून हाताला रंग लागतो. काय केलं ते इथे लिहीत नाही. शनिवारी सकाळी तुला न्यायला येतो. वाट्यांचं पुडकं मी उचलीन.

आलीस तर घर तुझं. नाही आलीस तर मीही तिथेच चार दिवस राहीन, मीनलला आधी सांगून, मंजुरी घेऊन.

तुझा
चिंतामणी


बदलापूर
२० फेब्रुवारी १९८९

चि. सौ. मीनल हिस,
काकूचे अनेक आशीर्वाद.

इतके दिवस तुझ्या हातून लिहिलं, आता माझ्या हाताने. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे.

तुझ्याकडून आम्ही निघालो तेव्हा विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत वाट्यांचं पुडकं यांनीच उचललं. गाडीत ते मांडीवर धरून बसले होते, जसं काही कोणी पळवणार आहे. फाटकाशी आल्यावर मला पुढे केलं. पाटी पाहिली, मीनल. वर पद्मजा कर्णिक, खाली चिंतामणी कर्णिक. अक्षरं सारखीच मोठी, दोघांना वेगवेगळी पट्टी. दोन्ही पट्ट्या आउटवर. मी यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले की दोघंही बाहेर होतो ना, नोंद बरोबर आहे. मग माझा हात धरून माझी पट्टी मलाच सरकवायला लावली. रंग ओला होता, माझ्या बोटाला लागला. मला रडू आलं आणि यांना वाटलं रंग डोळ्यात गेला.

हळदीकुंकू झालं. बायकांनी ती पट्टी इतक्या वेळा मागेपुढे केली की सदूला पुन्हा बोलवावं लागेल. बनूबाई म्हणाल्या आमच्याकडेही अशी करून घेते, मग बघते कोण मला विचारत नाही ते.

पण खरी गंमत कालची. दुपारी जेवण झालं, मला तुझं इंग्रजीचं पुस्तक घेऊन जरा पाय पसरून पडायचं होतं. बनूबाई येणार हे पक्कं, आणि त्या आल्या की दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. लाजवंतीची आठवण झाली. मी गेले आणि माझी पट्टी आउटवर सरकवून आत येऊन पडले. हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. यांनी पाहिलं आणि पेपरचं पान उलटलं.

बनूबाई आल्याच. फाटकाशी उभं राहून यांनाच विचारलं की वहिनी आत आहेत ना, आताच तर भांड्याचा आवाज आला. मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं आता हे सांगणार, तत्त्वाचा माणूस, साहेबाच्या मेव्हण्यालाही न सोडणारा. पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की काकू आउट आहेत, पाटीवर लिहिलंय.

बनूबाई गेल्या. थोड्या वेळाने हे दोन कप चहा घेऊन आत आले, दार ढकललं, आणि माझ्या पायाशी बसले. आम्ही हळूहळू चहा घेतला, कपबशीचा आवाज न करता. माझा चहा गरम होता.

बाळा, आता उन्हं वाढली की इकडेच या, जांभळं निघतील. लोभ आहे तो साखरेच्या डब्यासारखा घट्ट झाकून ठेव.

तुझी
काकू

ता. क. वरील मजकूर वाचला. नोंद खोटी आहे. कायम ठेवावी.
चिं. कर्णिक, टाइमकीपर (निवृत्त)