कॉडच्या मांडवाखाली

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललेला आईला खपत नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. मे महिन्यात तिला मी नॉर्वेच्या क्रूझवर नेलं. एका बंदरात उतरून मासेमारीचं जुनं गाव बघायची सहल होती, ती मी मुद्दाम निवडली. तिथे किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर कॉड मासे वाळत घालतात. आई तिथे एकदा कोळीण म्हणून ताठ उभी राहिलेली मला बघायची होती. मागे बर्फाचे डोंगर, लाल घरं, आणि आमचा गाइड छाती फुगवून सांगत होता, "याच वासावर आमची गावं उभी राहिली." लोक भराभर फोटो काढत होते.

मला आपलं दुबईतलं, अल बर्शाच्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं. मामाने वसईहून पाठवलेले सुके बोंबील आई भाजतेय. तुम्ही ऑफिसातून येता, टायही न सोडता तवा सिंकमध्ये पालथा करता. "कोळीवाडा आहे का हा? आत्ता गेस्ट येतील!" कोळीवाड्यातली मुलगी पसंत कुणी केली होती? हॉटेलात पापलेटचे काटे चोखून खायचात ते चालायचं. तुम्ही तिला अंघोळीला पाठवता, ती बाहेर आल्यावर माझ्यासमोर तिचे हात हुंगता. "अजून येतोय," म्हणता. ती निमूट परत आत जाते.

मांडवाखाली आई थांबली. शेपट्या बांधून जोडीने टांगलेले मासे निरखत पुटपुटली, "हे शेपटीला बांधतात. आपण बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवतो." किती वर्षांनी तिच्या तोंडून ते 'आपण' आलं! गाइडने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे असे वाळवतात?"

"आई, सांग ना त्याला," मी म्हटलं. सुटली एकदाची तुमच्या तावडीतून, असं वाटलं मला.

तिने ओढणी नाकाला लावली. "नो, नो," ती हसून म्हणाली, "वुई आर फ्रॉम दुबई."

बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "हे असते तर त्यांना आवडला असता हा देश. किती स्वच्छ!" आणि डोळे पुसले. तुम्ही मेलात याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं, बाबा. जिवंत असतात तर तुमच्याशी कडाडून भांडले असते.

खोटं कशाला बोलू? तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं. आई तुमच्याच बाजूने उभी राहिली असती.